मूळ दाखवा: ब्राउझरमधील एका बटणाचा महाराष्ट्रातील पूर्वेतिहास

१/ परभाषेतील वेबपान उघडले की ब्राउझरच्या वरच्या पट्टीत एक लहानसे चिन्ह उमटते आणि विचारणा होते: या पानाचे भाषांतर करायचे का? बहुतेक जण विचार न करता होकार देतात. काहींच्या ब्राउझरमध्ये तो होकार आधीच नोंदलेला असतो. तेव्हा पान भाषांतरित होऊनच समोर येते आणि मूळ मजकूर कोणत्या भाषेत होता, याचाही पत्ता लागत नाही. ही सोय चालू ठेवावी की बंद करावी, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक आहे. पण मूळ बाजूला ठेवून केवळ भाषांतर वाचण्याच्या सवयीने महाराष्ट्राच्या इतिहासात माणसांना शिक्षाही झाल्या आहेत. त्या इतिहासाचा हा थ्रेड.

२/ भाषांतराशिवाय महाराष्ट्राचा कारभार फारसा कधी चाललाच नाही. बहामनी आणि आदिलशाही काळात फारसी, किनाऱ्यावर पोर्तुगीज, पुढे इंग्रजी. प्रत्येक सत्तेसोबत दुभाषे, मुन्शी, पारसनीस आले. 'पारसनीस' हे आडनावच मुळी फारसी पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या पदावरून आलेले आहे. त्यामुळे भाषांतर चांगले की वाईट, या वादात फारसे काही हाती लागत नाही. खरे प्रश्न दोन: भाषांतरासोबत मूळही समोर होते का? आणि ते पाहण्याचा अधिकार कोणाकडे होता?

३/ पहिले उदाहरण रायगडावरचे. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या काळात राजव्यवहारकोश तयार झाला. रघुनाथपंडितांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कोशात कारभारातील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. कोशाचे उद्दिष्ट फारसी शब्द हटवणे हे होते, हे सर्वपरिचित आहे. त्याची रचना मात्र तितकीशी लक्षात घेतली जात नाही. जो शब्द बदलायचा, तो कोशात नोंदलेलाच आहे. जुना शब्द आणि नवा शब्द शेजारी शेजारी बसले आहेत. म्हणूनच आजचा अभ्यासक त्या काळच्या दफ्तरातील फारसी शब्द आणि त्याचा संस्कृत पर्याय यांची सांगड घालू शकतो.

४/ दुसरे उदाहरण मुंबईचे. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केले. मराठीतील पहिले वृत्तपत्र म्हणून त्याचा गौरव होतो आणि हा दिवस पत्रकार दिन म्हणून पाळला जातो. परंतु 'दर्पण' केवळ मराठी नव्हते. त्याच्या पानावर दोन स्तंभ असत: एकात मराठी, दुसऱ्यात इंग्रजी. एतद्देशीयांना नव्या विद्येची ओळख व्हावी आणि इंग्रजांना एतद्देशीयांचे म्हणणे कळावे, अशी ही दुहेरी योजना होती.

५/ या मांडणीचा एक परिणाम सहज निसटतो. दोन्ही भाषा थोड्याफार जाणणारा वाचक 'दर्पण'च्या पानावर स्वतःच परीक्षक होत असे. मराठी स्तंभातील विधान इंग्रजी स्तंभात सौम्य झाले आहे का, एखादा शब्द गाळला आहे का, हे पाहायला त्याला कोणाची परवानगी लागत नव्हती. नजर एका स्तंभावरून दुसऱ्यावर नेली की झाले. 'दर्पण' १८४० मध्ये बंद पडले. पण मूळ आणि भाषांतर एकाच कागदावर ठेवण्याची जी शिस्त त्याने पाळली, तितकी उघड शिस्त पुढच्या सरकारी भाषांतरात दिसत नाही.

६/ त्याच सुमारास सरकारी भाषांतराचे यंत्र उभे राहत होते. १८३१ मध्ये मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. त्यांच्यासोबत थॉमस आणि जॉर्ज हे कँडी बंधू होते. थॉमस कँडी पुढे सरकारचे मराठी भाषांतरकार झाले. पाठ्यपुस्तके आणि सरकारी मजकूर यांच्या मराठीवर त्यांचा ठसा उमटला. मराठी गद्यात विरामचिन्हे रुजवण्याचे श्रेयही त्यांना दिले जाते. आजच्या वाचकाला स्वाभाविक वाटणारे मराठी वाक्य काही अंशी या कचेरीतून घडलेले आहे. भाषांतर भाषेवर परिणाम करतेच. तो परिणाम दरवेळी वाईट असतो, असे नाही.

७/ परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या यंत्राला दुसरे काम लागले. देशी वृत्तपत्रांत काय छापून येते, याचे इंग्रजी सारांश सरकारसाठी नियमितपणे तयार होऊ लागले. मराठी, गुजराती, कानडी पत्रांतील निवडक मजकूर इंग्रजीत उतरवून अधिकाऱ्यांच्या टेबलावर जात असे. अधिकारी मराठी पत्र उघडत नसे, अहवाल उघडत असे. 'भाषांतर कायमचे चालू' ही अवस्था इथे प्रथम दिसते. कोणता उतारा निवडायचा आणि त्यात कोणता इंग्रजी शब्द योजायचा, हे भाषांतरकाराच्या कचेरीत ठरे. त्यानुसार त्या पत्राविषयी सरकारचे मत बने.

८/ आता पनवेल. तालुक्यातील शिरढोण, कर्नाळ्याच्या परिसरातले गाव. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म येथे झाला. पुण्यात लष्करी हिशेब खात्यात कारकुनी करणाऱ्या या माणसाने १८७९ मध्ये सशस्त्र बंड उभारले. त्याच वर्षी जुलैमध्ये ते पकडले गेले, पुण्यात खटला चालला, जन्मठेपेची शिक्षा होऊन त्यांना एडनला पाठवण्यात आले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथेच त्यांचा मृत्यू झाला. एवढा भाग शालेय पुस्तकांतून परिचित आहे.

९/ फडक्यांनी रोजनिशी लिहिली होती आणि आत्मचरित्रही. हे लेखन सरकारच्या हाती पडले, त्याचे इंग्रजी भाषांतर झाले आणि खटल्यात त्यांच्याच विरुद्ध पुरावा म्हणून ते पुढे आले. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने स्वातंत्र्यचळवळीच्या साधनांचे खंड प्रसिद्ध केले. १९५७ च्या पहिल्या खंडात फडक्यांचे हे लेखन इंग्रजीत छापलेले आहे. अभ्यासक प्रामुख्याने त्याच पाठाचा आधार घेतात. शिरढोणच्या माणसाचे मनोगत असे इंग्रजीच्या काचेतून वाचले जाते.

१०/ यात वावगे काय, असे कोणी विचारेल. एक शब्द घेऊन पाहावा. इंग्रजी मजकुरात 'रॉबरी' भेटला, तर त्यामागे मराठीत 'दरोडा' असेल, 'लूट' असेल, किंवा 'बंड' या अंगाने जाणारा एखादा शब्द असेल. तिन्ही शब्दांचे नैतिक वजन निराळे. दरोडा गुन्हेगार घालतो. लूट फौजही करते. बंड प्रजा करते. फडके स्वतःकडे यांपैकी कोणत्या नजरेने पाहत होते, याचे उत्तर त्या एका मराठी शब्दात दडलेले असते. न्यायालयासाठी केलेल्या भाषांतराला हा भेद जपण्याचे कारण नव्हते. इतिहासकाराला मात्र आहे.

११/ भाषांतराचा हा प्रश्न भर न्यायालयात सर्वांत ठळकपणे मांडला गेला तो १९०८ मध्ये. 'केसरी'तील 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या लेखांवरून लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती दिनशा दावर यांच्यापुढे १३ ते २२ जुलै असा तो चालला. ज्युरीत नऊ जण: सात युरोपीय, दोन पारशी. विशेष ज्युरी नेमल्यास तीत मराठी न जाणणाऱ्या युरोपियनांचा भरणा होईल, असा आक्षेप बचाव पक्षाने आधीच घेतला होता. तो मान्य झाला नाही.

१२/ म्हणजे स्थिती अशी: गुन्हा मराठी लेखांचा, निवाडा इंग्रजी भाषांतराचा. टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतः केला आणि सुरुवातीलाच भाषांतराला हात घातला. सरकारी भाषांतरकाराची त्यांनी उलटतपासणी घेतली, शब्दाशब्दावर प्रश्न विचारले. मराठीत राजकीय विचारांसाठी शब्द अजून घडत आहेत, एका मराठी शब्दाला एकच इंग्रजी प्रतिशब्द चिकटवून हेतू सिद्ध करता येत नाही, अशी त्यांची भूमिका होती. कोश काढून एका शब्दाचे अनेक अर्थ दाखवणे हा त्यांच्या बचावाचा कणा होता. टिळकांचे ते भाषण एकूण २१ तास १० मिनिटे चालले.

१३/ निकाल सर्वांना ठाऊक आहे. सात विरुद्ध दोन अशा मताने दोषी, सहा वर्षांची शिक्षा, मंडाले. केवळ भाषांतरामुळे ही शिक्षा झाली, असे म्हणणे इतिहासाशी प्रामाणिक होणार नाही. सरकारला टिळक बाहेर नको होते आणि राजद्रोहाचे कलमही विस्तृत होते. परंतु हा खटला एक गोष्ट लख्ख दाखवतो. आरोपीला मूळ आणि भाषांतर दोन्ही वाचता येत होते. निर्णय देणाऱ्या बहुतेकांना फक्त भाषांतर. टिळकांनी आपले श्रम खर्च केले ते त्यांच्यापुढे मूळ मजकूर उघडून दाखवण्यासाठी. आजच्या ब्राउझरमध्ये 'मूळ दाखवा' हे काम एका टिचकीचे आहे.

१४/ स्वतंत्र भारताने हा प्रश्न कायद्याने हाताळला. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ नुसार कायद्यांचे प्राधिकृत पाठ मुळात इंग्रजीत असतात. राज्याने कायदा आपल्या भाषेत केला, तरी राजपत्रात प्रसिद्ध झालेला त्याचा इंग्रजी अनुवाद हाच प्राधिकृत इंग्रजी पाठ मानला जातो. १९७३ च्या केंद्रीय अधिनियमाने केंद्रीय कायद्यांच्या प्रादेशिक भाषांतील अनुवादांनाही प्राधिकृत दर्जा मिळण्याची सोय केली. यातील कळीचा शब्द 'प्राधिकृत'. दोन पाठ असले की कोणता अंतिम, हे आधीच सांगून ठेवायचे, ही त्यामागची शहाणीव.

१५/ महाराष्ट्रात भाषा संचालनालय १९६० मध्ये स्थापन झाले. राजभाषा अधिनियम १९६४ चा. १९७३ मध्ये शासन व्यवहार कोश प्रसिद्ध झाला. कार्यालयीन मराठी बोजड झाली, अशी टीका तेव्हापासून चालत आली आहे आणि तिच्यात तथ्यही आहे. पण या कोशाने इंग्रजी संज्ञा आणि तिचा मराठी पर्याय समोरासमोर ठेवला. राजव्यवहारकोशाची पद्धत जवळपास तीनशे वर्षांनी पुन्हा दिसते: बदललेल्या शब्दासोबत मूळ शब्दही हाताशी.

१६/ आता यंत्र. १९९७ मध्ये अल्टाव्हिस्टा या शोधयंत्राने 'बेबल फिश' ही सेवा सुरू केली आणि वेबपानाचा पत्ता देऊन अख्खे पान भाषांतरित करून घेणे सामान्य माणसाला शक्य झाले. २००६ मध्ये गूगल ट्रान्सलेट आले. २०१० मध्ये भाषांतराची ही सोय क्रोम ब्राउझरच्या आतच बसवली गेली. वाचकाने भाषांतरकाराकडे जाण्याऐवजी भाषांतरकार वाचकाच्या खिडकीत येऊन बसला. गूगल ट्रान्सलेटमध्ये मराठीचा समावेश झाला २०१३ मध्ये. २०१७ मध्ये न्यूरल पद्धत मराठीलाही लागू झाली आणि तुटक शब्दांची माळ जाऊन सलग वाक्ये दिसू लागली.

१७/ याच सलगपणात एक धोका आहे. २०१३ चे यांत्रिक मराठी वाचताना शंका येई, कारण वाक्य अडखळत असे. आजचे वाक्य गुळगुळीत असते. चूक असली तरी ती ओघात लपते. जुन्या काळी दुभाष्याची चाचपडणारी वाणी ऐकून समोरचा सावध होई. अस्खलित दुभाष्यावर मात्र तो सहज विश्वास ठेवी. वाचकाची दक्षता भाषांतराच्या दर्जाशी उलट्या प्रमाणात चालते, हे माणसाच्या बाबतीत खरे होते आणि यंत्राच्या बाबतीतही खरे आहे.

१८/ ब्राउझर नेमके करतो काय? प्रथम तो पानाची भाषा ओळखतो. पान बनवणाऱ्याने भाषेची खूण लिहून ठेवलेली असते. ती नसली किंवा चुकीची असली, तर अक्षरांच्या जोड्या आणि क्रम तपासून अंदाज बांधला जातो. मराठी आणि हिंदी दोन्ही देवनागरीत. मोठ्या परिच्छेदात 'आहे', 'झाले', 'आणि' यांवरून किंवा 'ळ' या अक्षरावरून मराठी ओळखू येते. मात्र पानावर नुसती विशेषनामे, शीर्षके आणि आकडे असले, तर मराठी पानाला हिंदी समजण्याची शक्यता वाढते. ज्याची भाषाच चुकीची ओळखली, त्याचे भाषांतर बरोबर कसे येणार?

१९/ भाषा ठरली की पानावरचे मजकुराचे तुकडे भाषांतरासाठी पाठवले जातात आणि आलेला मजकूर त्याच जागी भरला जातो. चौकटी, चित्रे, रंग, बोधचिन्ह जसेच्या तसे राहतात. त्यामुळे पान पूर्णपणे अधिकृत दिसते. सरकारी मुद्रा वर आहे, खाली मजकूर आहे, पण तो मजकूर त्या कार्यालयाने लिहिलेला नाही. १९०८ च्या ज्युरीला निदान हे ठाऊक होते की आपल्या हातातील कागद भाषांतर आहे. ब्राउझरच्या वाचकाला बऱ्याचदा तेही ठाऊक नसते.

२०/ याची किंमत पनवेलमध्ये लवकर समजते. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनी प्रकल्पाखाली आल्या. पुढे साडेबारा टक्के योजना, पुढे विमानतळ. पनवेल महानगरपालिका २०१६ मध्ये झाली आणि खारघर, कामोठे, कळंबोली तिच्या हद्दीत आले. अनेक घरांत आजोबांची पिढी महसुली मराठी वाचणारी, नातवंडे इंग्रजी माध्यमात शिकलेली. जमिनीसंबंधीचे मराठी पान उघडले की नातवाचा ब्राउझर इंग्रजी पुढे करतो आणि घरातील निर्णय त्या इंग्रजीवर ठरू शकतो.

२१/ महसुली मराठीचे शब्द रोजच्या वापरातलेच असतात, अर्थ मात्र वेगळा असतो. 'सातबारा' म्हणजे गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ यांचा जोड. त्यात सात किंवा बारा असे काही मोजलेले नाही. 'आकार' म्हणजे जमिनीवर बसवलेला सारा. जमिनीच्या आकृतीशी त्याचा संबंध नाही. 'बोजा' म्हणजे कर्जाची किंवा तत्सम हक्काची नोंद. 'फेरफार' म्हणजे हक्कातील बदलाची नोंद. बोलण्यात मात्र तोच शब्द लबाडीची छटा घेतो. 'पोटखराब' म्हणजे गटातील लागवडीस अयोग्य क्षेत्र.

२२/ यांतला सर्वांत नाजूक शब्द 'कूळ'. पत्रिकेत तो वंश, महसुलात तो जमीन कसणारा. रायगड जिल्ह्यात या शब्दाला रक्तघामाचा इतिहास आहे. अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ ते १९३९ असा शेतकऱ्यांचा संप चालला, तो याच नात्याच्या अन्यायाविरुद्ध. १९४८ च्या कूळ कायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने अनेक कुळांना मालकीची वाट खुली झाली. असा शब्द भाषांतरात घराण्याच्या अर्थाने उतरला, तर वाचणाऱ्याला आपल्या आजोबांचा हक्क दिसणारच नाही. इथे भाषांतर बंद करून मूळ नोंद वाचणे, न समजल्यास तलाठ्याला किंवा जाणत्या वकिलाला विचारणे, हाच मार्ग.

२३/ न्यायालयांनीही ही मर्यादा मान्य केली आहे. सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय आता यंत्राच्या साह्याने भारतीय भाषांत, मराठीतही, उपलब्ध होतात. त्यांवर स्पष्ट सूचना असते की हे भाषांतर पक्षकाराला समजावे एवढ्यापुरतेच आहे आणि अधिकृत पाठ इंग्रजी निर्णयाचाच. फडक्यांच्या रोजनिशीसमोर अशी सूचना असती तर, असा विचार मनात येतो. ब्राउझरमधील भाषांतर अशी इशाऱ्याची ओळ प्रत्येक पानावर छापत नाही. ती वाचकाने स्वतःच्या मनात छापून ठेवायची असते.

२४/ इतिहासप्रेमींनी तर विशेषच. पोर्तुगीज दफ्तरातील एखादे पत्र किंवा डच कंपनीची नोंद वेबपानावर उघडायची, ब्राउझरने केलेल्या भाषांतराचा स्क्रीनशॉट काढायचा आणि 'हा घ्या पुरावा' म्हणून वादात टाकायचा, ही पद्धत आता सर्रास दिसते. तो पुरावा नसतो, फार तर पुराव्याकडे जाणारा रस्ता असतो. गोव्याच्या दफ्तरखान्यात आयुष्य वेचणाऱ्या पांडुरंग पिसुर्लेकरांनी किंवा फारसी साधने मराठीत आणणाऱ्या सेतुमाधवराव पगडींनी मूळ भाषा शिकण्यासाठी घेतलेले कष्ट या टिचकीने निरर्थक झालेले नाहीत. त्या दोघांच्या भाषांतराला किंमत आहे, कारण त्यांनी मूळ वाचले होते.

२५/ म्हणून कृती. संगणकावरील क्रोममध्ये उजवीकडील तीन ठिपके, सेटिंग्ज, भाषा या क्रमाने गेल्यास गूगल ट्रान्सलेट चालू-बंद करण्याची कळ सापडते. तेथेच 'कधीही भाषांतर करू नका' अशी भाषांची यादी असते; तीत मराठी घालून ठेवावी. पत्त्याच्या पट्टीतील भाषांतराच्या चिन्हावर टिचकी मारली की मूळ भाषा परत निवडता येते आणि त्या संकेतस्थळापुरती सोय बंदही करता येते. फोनवरही तीन ठिपक्यांच्या यादीत भाषांतराचा पर्याय आणि सेटिंग्जमध्ये भाषांचा विभाग असतो. फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या पट्टीतील चिन्हातून हीच निवड करता येते.

२६/ आणखी एक भेद लक्षात ठेवण्याजोगा. क्रोममधील भाषांतरासाठी पानावरचा मजकूर गूगलच्या सर्व्हरकडे जातो. फायरफॉक्सने सप्टेंबर २०२३ मध्ये आणलेली सोय भाषांतर वापरणाऱ्याच्या यंत्रावरच करते. सार्वजनिक बातमी वाचताना हा फरक नगण्य ठरतो. खासगी पत्र, वैद्यकीय अहवाल किंवा जमिनीचा मजकूर उघडला असेल, तर नगण्य राहत नाही. जुन्या राज्यांत दुभाषा निवडताना त्याच्या भाषाज्ञानाइतकीच त्याच्या निष्ठेची चौकशी होई. तो प्रश्न आजही लागू आहे.

२७/ संकेतस्थळे बनवणाऱ्यांचाही यात वाटा आहे. मराठी पानाच्या सांगाड्यात भाषा मराठी असल्याची खूण नेमकी लिहिली, तर ते हिंदी समजले जाण्याची शक्यता घटते. गावांची नावे, कायद्यातील संज्ञा, आडनावे अशा मजकुरावर 'भाषांतर करू नये' अशी खूण करण्याची सोयही वेबच्या नियमांतच आहे. ग्रामपंचायत, महाविद्यालय किंवा इतिहास मंडळाचे पान तयार करणाऱ्या तरुणांनी एवढे केले, तरी पुष्कळ गोंधळ टळेल.

२८/ या सगळ्याचा अर्थ भाषांतर कायमचे बंद ठेवावे, असा नाही. या सोयीमुळे पनवेलमधील विद्यार्थी जपानी संग्रहालयाचे पान चाळू शकतो आणि परदेशात वाढलेली मराठी मुलगी आपल्या गावाची बातमी समजून घेऊ शकते. हे दार उघडे राहिलेच पाहिजे. पण चाळायला भाषांतर पुरते; सही करायची असेल, हक्क तपासायचा असेल, कोणावर आरोप करायचा असेल किंवा इतिहास लिहायचा असेल, तर मूळ उघडावे लागते. 'दर्पण'च्या वाचकाला दोन्ही स्तंभ एकाच पानावर मिळत होते. आजच्या वाचकाला दुसरा स्तंभ एका टिचकीवर मिळतो. ती टिचकी मारायची की नाही, एवढेच त्याच्या हाती आहे. (समाप्त)